चार पिस्टनांची सरासरी

भासऱ्यांशी बोलायचं नाही, हे मला लग्नाआधीच सांगितलं होतं. न बोलता बोलायचं कसं, हे मात्र त्या घरात आल्यावर शिकावं लागलं.

भासरे म्हणजे यांचे थोरले भाऊ. आमच्या वऱ्हाडात धाकट्या भावाच्या बायकोनं त्यांच्यासमोर उभं राहायचं नाही, त्यांच्या बाजेवर बसायचं नाही, आणि थेट बोलायचं तर नाहीच नाही. तेही आपल्याशी बोलत नाहीत. घर केवढं? पुढे ओसरी, मागे स्वयंपाकाची खोली, मध्ये एक कवाड. भाकरी थापताना मला त्यांचा खोकला ऐकू यायचा आणि त्यांना माझ्या बांगड्या. पण दोघांच्या मध्ये सासूबाई लागायच्या. मी कवाडाआडून म्हणायची, "आत्याबाई, भाजीत मीठ कमी असलं तर सांगा म्हणावं." भासरे तिथंच दोन हातांवर जेवायला बसलेले. आत्याबाई मान वळवून विचारायच्या, "मीठ कमी हाय का रे?" ते म्हणायचे, "नाई, बरोबर हाय म्हना." आत्याबाई पुन्हा माझ्याकडे वळून, "बरोबर हाय म्हन्ते." आत्याबाई घरी नसल्या तर मी भिंतीशी बोलायची. "भिंतीबाई, न्हाणीत पाणी काढलं बरं." आणि बाहेर भासरे टॉवेल शोधायला लागायचे.

पहिल्या वर्षी मला हसू यायचं. मग चीड यायला लागली. मी खामगावला मॅट्रिक झालेली, इंग्रजीत पास झालेली पोरगी; पुऱ्या वर्गासमोर उभी राहून धडे वाचलेले. आणि इथं मिठासाठी दुभाषी. पण तक्रार करणार कुणाकडे? हे नोकरीच्या पायी यवतमाळकडे, दोन-दोन महिने घरी नाहीत. आणि भासऱ्यांबद्दल तक्रार करायला तसं काही नव्हतंही. माणूस देवासारखा होता. जाऊबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. बाजारातून आले की पिशवी आईच्या हातात देताना म्हणायचे, "रामफळं हायत. ज्याले खाव वाटते त्यानं खावं." घरात रामफळ खाणारी मी एकटी.

जाऊबाई गेल्यावर त्यांनी मन रमवायला एक जुनी मोटार घेतली. काळी, गोल बोनेटची, मूळची पेट्रोलवर चालणारी. पेट्रोल महागलं तेव्हा तिच्या आधीच्या मालकानं तिच्यातलं इंजिन काढून डिझेलचं बसवलं होतं. सुरू झाली की घरात पिठाची गिरणी शिरल्यासारखं वाटायचं. सुलतानपूरपासून आमचं गाव दोन कोस. भासरे सुलतानपूर ते मेहकर सवाऱ्या न्यायचे, लग्नसराईत नवरदेव न्यायचे, आणि बिघडली की स्वतःच दुरुस्त करायचे. शिकले कुठं? आमच्या विहिरीवर तेलाचं इंजिन होतं, ते वर्षानुवर्षं उघडून-जोडून हात बसला होता. "इंजिन ते इंजिन," म्हणायचे. "तिथं एक पिष्टन, इथं चार. फरक काय?" फरक काय ते पुढे कळलंच.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि गाडीच्या नळीतून पांढरा धूर यायला लागला. पाणी कमी व्हायला लागलं. भासऱ्यांनी अंगणात ताडपत्री अंथरली, इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं आणि जाहीर केलं की हेडखालचं पॅकिंग जळालं आहे. हेड मेहकरला नेऊन घासून आणलं, तिथूनच नवं पॅकिंगही आणलं. घाई कशाचीच नव्हती. चार दिवस ते इंजिन अंगणात उघडं पडलेलं, आणि आत्याबाई जाता-येता त्याच्यावर फडकं टाकायच्या, दुधावर टाकावं तसं.

आणि पाचव्या दिवशी माझ्या भावाचं कार्ड आलं. बाबांनी अन्न सोडलंय, तुझी आठवण काढतात, जमेल तितकं लवकर ये.

माझं माहेर पिंपळगाव राजाचं. आई मी लहान असतानाच गेली. बाप आणि एक भाऊ, एवढंच माहेर. बाबा विहिरीवर माळवं लावायचे, वांगी, मेथी, कांदे. खामगावच्या बाजाराला बैलगाडी घेऊन जायचे आणि भाजीच्या टोपल्यांच्या मध्ये मला बसवून शाळेच्या वसतिगृहात सोडायचे. लोक म्हणायचे, पोरीले शिकवून काय कलेक्टर करतं का? बाबा म्हणायचे, "होईन तं होईन. तुमच्या बापाचं काय जाते?" असा माणूस. त्यानं अन्न सोडलं हे वाचून मी कार्ड पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

मला आठवा महिना लागला होता. आई नाही म्हणून बाळंतपण सासरीच ठरलेलं. पिंपळगावला जायचं म्हणजे मेहकरला बस बदला, खामगावला बदला, तिथून पुढे जे मिळेल ते. आत्याबाईंनी साफ सांगितलं, "भरल्या पोटाची बाई मी बसमधी नाई धाडत. उभ्यानं जाशीन, गचके खाशीन, काई इकडचं तिकडं झालं तं तुह्या नवऱ्याले म्या काय तोंड दाखवू?" मी चुलीपुढे बसून नुसती रडले. तेव्हा ओसरीवरून आवाज आला, जरा मोठ्यानं, कवाडापर्यंत पोचेल एवढा.

"आई, तिले म्हना रडू नोको. दोन दिसात गाडी उभी करतो. मी सोता नेऊन घालतो तिच्या बापापाशी."

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "आयकलं का? नेऊन घालतो म्हन्ते." आणि त्या दिवसापासून माझा जीव त्या उघड्या इंजिनात अडकला.

सोमवारी सकाळी तार आली. तारेतली भाषा इंग्रजी, आणि गावात इंग्रजी वाचणारी मीच, त्यामुळे तारवाल्यानं ती आत्याबाईंकडे दिली, आत्याबाईंनी माझ्याकडे दिली, आणि माझ्या बापाची बातमी मीच सगळ्यांना वाचून दाखवली. वडील अत्यवस्थ, लगेच निघा. एवढंच. भासऱ्यांनी न्याहारीचं ताट बाजूला सारलं आणि अंगणात गेले.

आता पॅकिंगचं सांगते, कारण सगळं तिथंच अडलं. इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. अगदी वर आला की तो खालच्या ठोकळ्याच्या पातळीपेक्षा किंचित वर डोकं काढतो. वर हेडचं झाकण. त्या दोघांच्या मध्ये थोडी फट राहायला पाहिजे, आणि ती फट पॅकिंगच्या जाडीवर ठरते. पॅकिंग पातळ पडलं तर पिस्टन झाकणावर डोकं आपटणार. म्हणून आधी पिस्टन किती वर येतो ते मोजायचं, मग कोणतं पॅकिंग ते ठरवायचं. भासऱ्यांना एवढं माहीत होतं. पुढचं पुस्तकात होतं. इंजिनाबरोबर एक तेलकट इंग्रजी पुस्तक आलेलं, ते इतके दिवस भिंतीतल्या देवळीत पडून होतं.

"आई, तिले म्हना, त्या बुकात पॅकिंगचं काय लिव्हलं ते वाचून दाखव."

"वाच वं."

मी कवाडाला टेकून, पोटावर पुस्तक ठेवून वाचायला लागले. एकेक ओळ मनात मराठी करायची आणि सांगायची. "म्हणावं, चारही पिस्टन मोजायचे. हॅंडल फिरवून एकेक पार वर आणायचा."

"चारी पिष्टन मोज म्हन्ते. वर आनून."

"पिस्टन आतल्या ज्या पिनवर डोलतो, तिच्या रेषेत मोजायचं म्हणावं. दोन्ही बाजूंनी. नाहीतर पिस्टन कलंडतो अन् आकडा चुकतो."

"पिन लावून मोज म्हन्ते."

"पिन कशाले लावू वं?" असं बाहेरून आलं नाही. भासऱ्यांनी पट्टी अगदी बरोबर, पिनच्या रेषेतच ठेवली. मी कवाडाच्या फटीतून पाहत होते. आत्याबाईंनी सांगितलं ते उलटसुलट, आणि ते करत होते मी वाचलं ते. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आमच्या घरात असंच चालायचं.

त्यांची पद्धत साधी होती. लोखंडाची सरळ पट्टी पिस्टनच्या डोक्यावर आडवी धरायची. पिस्टन जेवढा वर, तेवढी पट्टी ठोकळ्याच्या वर अधांतरी. त्या फटीत गेजच्या पातळ पत्त्या सारून पाहायच्या, जी अडकून बसेल तिच्यावरचा आकडा घ्यायचा. आकडे इंचाच्या हजाराव्या भागाचे. भासरे मोठ्यानं आकडा सांगायचे आणि मी तो मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायची. यात आत्याबाईंची गरज नव्हती, कारण आकडा म्हणजे काही बोलणं नव्हे.

पहिला अठरा. दुसरा एकोणीस. तिसरा एकोणतीस.

बाहेर रॉकेलच्या फडक्यानं पुसल्याचा आवाज. पुन्हा मोजला. एकोणतीस. पट्टी उलटी करून मोजला. एकोणतीसच. "याच्या मायी," भासरे स्वतःशी म्हणाले, "तिसऱ्याचा दांडा कोनतरी दुसऱ्याच इंजिनचा घातला वाटते." मग चौथा मोजला. अठरा.

आता अठरा आणि एकोणतीस यांत फरक किती? एका पोस्टकार्डाची जाडी. डोळ्यानं दिसतसुद्धा नाही. पण तो होता, आणि भासऱ्यांना त्याचं काहीतरी करायला पाहिजे होतं. विहिरीवरच्या इंजिनाला एकच पिस्टन. तिथं हा प्रश्न कधी आलाच नव्हता. तेव्हा चार आकडे समोर आल्यावर आमच्या गावातला कोणताही कास्तकार जे करतो तेच त्यांनी केलं. एका वावरात आठ मण पिकलं, एकात दोन, तर गावाचं पीक किती धरायचं? तलाठी काय धरतो?

"आई, तिले म्हना, चौघाची सरासरी काढ."

मी शहाणी, मॅट्रिक पास, लगेच बेरीज केली. चौऱ्याऐंशी भागिले चार. "एकवीस, आत्याबाई."

"एकवीस म्हन्ते."

"मंग जमलं. हे आपलं पॅकिंग कितीपर्यंत चालते ते पाह्य म्हना."

मी पान उलटलं. तिथं तक्ता होता. पॅकिंगच्या काठाला जाडीची खूण म्हणून भोकं पाडलेली असतात; एका भोकाचं पातळ पॅकिंग तेविसापर्यंत. त्याच्या वर दोन भोकांचं, जाड. आमच्याकडे होतं ते एका भोकाचं. मी "तेवीस" म्हटलं, आत्याबाईंनी "तेवीस" म्हटलं, भासऱ्यांनी "हाव, मंग बसते" म्हटलं. आणि तेव्हा माझी नजर तक्त्याखालच्या ओळीवर गेली. जाड अक्षरात होती. चारही मापांतलं सगळ्यात मोठं माप धरूनच पॅकिंग निवडावं.

मी ती ओळ दोनदा वाचली. इंग्रजी काही अवघड नव्हतं. सातवीतल्या पोरालाही समजलं असतं. चौघांत जो सगळ्यात उंच, तो धरायचा, कारण झाकणावर डोकं आपटणार ते त्याचं. बाकीचे तिघं बुटके आहेत म्हणून त्याची उंची काही कमी होत नाही. एकदा वाचल्यावर इतकं सरळ वाटलं की मघाशी सरासरी काढताना माझी अक्कल कुठं शेण खायला गेली होती, असं झालं.

म्हणजे पाहिजे होतं जाड पॅकिंग. ते मेहकरला मिळत नाही हे मला माहीत होतं, कारण भासरे आईला सांगताना मी ऐकलं होतं: जाड पाहिजे असलं तर अकोला. अकोल्याला जाऊन यायचं म्हणजे उद्याचा, मंगळवारचा, आख्खा दिवस. बुधवारी सकाळी बसवायचं, निघायचं, दुपारी पोचायचं. आणि इथं देवळीत तार पडलेली. लगेच निघा.

मी बोलले. हे मी आजवर स्वतःला शंभरदा सांगितलं आहे. मी बोलले. आवाज मोठा नव्हता, पण बोलले. "आत्याबाई, सरासरी नाही धरत म्हणावं. पुस्तकात लिहिलंय, जो सगळ्यात उंच असंल, तोच धरायचा."

आत्याबाई माझ्या लुगड्यांची घडी करून पिशवीत भरत होत्या. भाकरी बांधायच्या होत्या, रस्त्यात लागेल म्हणून ओवा-गूळ बांधायचा होता. त्या वैतागल्या. "आता पुरे वं तुहं बुक. तिकडं तुहा बाप डोळे लावून बसला, अन् तू धडा वाचून राह्यली." आणि त्या घडी करत राहिल्या. बाहेर काहीच सांगितलं नाही.

बाहेर पान्याचा आवाज थांबलेला होता. मला तो थांबलेला ऐकू आला. मग पुन्हा पान्याचा आवाज सुरू झाला.

मी दुसऱ्यांदा बोलले नाही. का नाही बोलले? रिवाज होता म्हणून, असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं, यांनासुद्धा सांगितलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, असंही सांगितलं. आणि ते खोटंही नव्हतं. पण भिंत तिथंच होती ना? मीठ आणि पाणी भिंतीला सांगता येतं, तर हे सांगता आलं नसतं? खरं हे की मी पुस्तक मिटलं तेव्हा मला थोडं बरं वाटलं. मला निघायचं होतं. मी मनाशी म्हटलं, मी काय मेकॅनिक आहे? इंग्रज लोकांची पुस्तकं, त्यांना काय, उगीच घाबरवतात. पोस्टकार्डाएवढा तर फरक. बाप मरणाच्या दारात असला की माणूस असला हिशेब फार झटपट करतो.

मंगळवारी तांबडं फुटताना निघालो. गाडी हॅंडलच्या पहिल्या फेऱ्यातच सुरू झाली होती आणि भासऱ्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी समाधान होतं. पुढे ते एकटे, मागे मी आणि आत्याबाई. आत्याबाईंनी माझ्या पाठीशी गोधडी दिली होती आणि प्रत्येक खड्ड्याला त्या "हळू रे" म्हणायच्या. सुलतानपूर गेलं, मेहकर आलं. मेहकरला भासऱ्यांनी बोनेट उघडून पाणी पाहिलं, हात लावून पाहिलं आणि म्हणाले, "आई, तिले म्हना, दुपारच्या जेवनाले बापाच्या हातचं वांगं खाशीन." बाबा अंथरुणाला खिळलेले, पण बोलायची रीत असते. मला इतकं भरून आलं की मी त्या तिसऱ्या पिस्टनला विसरले. खरंच विसरले.

मेहकर सोडून तासभर झाला असेल. चढाचा रस्ता लागला, ऊन वर आलं, इंजिन तापलं. आणि गिरणीच्या त्या आवाजात एक बारीक टकटक सुरू झाली. कुणी दाराची कडी वाजवावी तशी.

"आई, काई आवाज येऊन राह्यला का?"

"मले तं गाडीचाच येते," आत्याबाई म्हणाल्या.

मला माहीत होतं तो कशाचा आवाज आहे. मी दोन्ही हातांनी पोट धरून बसले होते आणि मनात म्हणत होते, एवढा चढ जाऊ दे, एवढा एक. आरशात मला भासऱ्यांचे डोळे दिसत होते. त्यांनी गाडी हळू केली. टकटक कमी झाली. पुन्हा चढ आला, पुन्हा वाढली. मग एकदम खालून कुणी घण घातल्यासारखा आवाज झाला, गाडी हिसका देऊन उभी राहिली, आणि माझ्या पोटात, इथं बेंबीच्या खाली, कळ आली.

रस्त्यावर काळं तेल पसरलं. भासरे बोनेट न उघडताच समोर उभे राहिले, दोन्ही हात लोंबते सोडून. इतका उंच माणूस, पण त्या वेळी नुसतं कुणी टोचलं असतं तरी पडला असता. मी बाभळीखाली गोधडीवर पडले. कळा येत होत्या, जात होत्या. आत्याबाई एकीकडे गाडीला शिव्या देत होत्या, एकीकडे माझ्या कमरेला हात चोळत होत्या. दोन तासांनी मालाचा एक ट्रक आला, तो मेहकरकडे जाणारा. "मागं चाला," आत्याबाई म्हणाल्या. "पोट वाचवलं पाह्यजे."

मी म्हटलं, "आत्याबाई, मला पुढं जायचंय." मी ओरडून म्हटलं. ट्रकवाला, भासरे, सगळ्यांसमोर. पहिल्यांदा त्या घरातल्या कुणासमोर माझा आवाज एवढा चढला होता, आणि त्याचा आता काही उपयोग नव्हता. मला उचलून ट्रकमध्ये बसवलं.

मेहकरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, पोर ठीक आहे, पण आठ दिवस खाटेवरून हलायचं नाही. हललीस तर पोर जाईल, कदाचित तूही. मी वरच्या कौलांकडे पाहत पडून राहिले. उठता येत नाही, जाता येत नाही, निरोप पाठवण्याशिवाय काही करता येत नाही. तो निरोप घेऊन बुधवारी सकाळच्या बसनं भासरेच पिंपळगावला गेले. आत्याबाई म्हणाल्या, "तो जाऊन सांगीन तुह्या बापाले, का येऊन राह्यली म्हून." मी पडल्या पडल्या हिशेब करत होते. आज बुधवार. अकोल्याचं पॅकिंग बसवून आज सकाळी निघालो असतो. आत्ता दुपार. आत्ता मी बाबांच्या उशाशी बसलेली असते. तो हिशेब मी अजून करते.

गुरुवार तसाच गेला. माझ्या बाजूच्या खाटेवरची बाई बाळंत झाली, तिच्या माहेरची माणसं पेढे घेऊन आली, मलाही एक दिला. मी तो खाल्लासुद्धा. काय करणार?

शुक्रवारी सकाळी आत्याबाई नळावर पाणी भरायला गेल्या होत्या. दारात भासरे येऊन उभे राहिले. नेसलेलं धोतर मळलेलं, दाढी वाढलेली. मी पदर ओढायला हात वर नेला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तो तसाच राहिला. त्यांनी खोलीत इकडेतिकडे पाहिलं, आईला शोधत असावेत. आई नव्हती. ते दारातच, खाटेच्या पायाकडे पाहत बोलले. मला.

"बाई, गेले. काल पहाटं."

पदराकडे नेलेला हात मी खाली घेतला.

"सुद होती बुधवारी. रस्त्यानं मोटार वाजली का मान फिरवत होते. मले इचारलं, ती कुठं हाय? म्या म्हनलं, मागून येऊन राह्यली. दोनदा इचारलं. दोन्ही खेपेस म्या तेच सांगतलं."

मी रडत होते की नाही, आठवत नाही. ते जाईनात. दाराच्या चौकटीला हात लावून उभेच.

"तू सांगतलं होतं," ते म्हणाले. "सगळ्यात उंच धरायचा म्हून. मले सबन आयकू आलं होतं. आईनं सांगतलं नाई, म्हून म्या आयकलं नाई."

मला त्यांचा इतका राग आला की खाट सोडून उठावं आणि त्यांना धरून हलवावं. आठ हातांवर होता तुम्ही! कानात बोळे होते का? आणि त्याच क्षणी मला त्यांची इतकी कीव आली, आणि माझी स्वतःची, की रागाला धरायला काही उरलं नाही. त्यांनी सांगितलं तसं मलाही सांगावं लागलं.

"मीही दुसऱ्यांदा बोलले नाही, दादा. मला जायची घाई झाली होती."

"मले बी," ते म्हणाले. "तुले न्यायची."

बाहेर बादली ठेवल्याचा आवाज आला. भासरे झटक्यानं दोन पावलं मागे सरले, व्हरांड्यात गेले. मी पदर डोक्यावर ओढला. आत्याबाई आत आल्या, त्यांना पाहून थबकल्या. भासऱ्यांनी माझ्याकडे न पाहता, घसा साफ करून, नेहमीच्या आवाजात म्हटलं,

"आई, तिले सांगा, तिचे बाबा गेले म्हना."

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "बाई वं, तुहे बाबा गेले म्हन्ते," त्या म्हणाल्या. आणि मी ते पहिल्यांदा ऐकत असल्यासारखा हंबरडा फोडला.